ज्याचं छप्पर, त्याचा आकडा आधी

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला हर्षदा साळुंखेच्या पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली. ओळ वाचून तिला भीती वगैरे काही वाटली नाही, कंटाळा आला.

‘खाते १७०४. यादव विश्वास रामचंद्र, वाघजाळी. स्थगिती खोटी. घरात माणसे : १. स्थगितीत जोडणीचे प्रयत्न : ४१. दुपारी १२ वाजता डबी कायमची बंद होईल.’

“घ्या! यादव मास्तरसुद्धा?” ती स्वतःशीच म्हणाली आणि चहाचा कप बाजूला सरकवला.

खोटी स्थगिती हा कारवटच्या खोऱ्यातला नवा उद्योग होता. मुरुडखिंडीच्या माथ्यावर ‘घाटमाथा नेट’चा मनोरा होता. तिथून हवेतून खोऱ्यातल्या अठ्ठावीसशे घरांत इंटरनेट जायचं. छपरावर एक ताटली, तिच्यातून घरात आलेली वायर आणि वायरीच्या टोकाला तळहाताएवढी पांढरी डबी. मोबाइलची रेंज या खोऱ्यात कधी आलीच नव्हती, त्यामुळे साधा फोनसुद्धा डबीवरूनच लागायचा. कुणी महिनाभर परगावी निघालं की ऑफिसात कळवायचं, मग तेवढ्या दिवसांची स्थगिती मिळायची आणि बिल यायचं नाही. पण अलीकडे उपग्रहवाल्या एका कंपनीने महिनाभर फुकट वापरायला छत्र्या वाटायला सुरुवात केली होती. लोक काय करायचे, परगावी जातोय म्हणून इकडे स्थगिती मागायचे आणि घरातच बसून तिकडची छत्री वापरून बघायचे. अशा गिऱ्हाइकाची मनोऱ्यावरची जागा काढून घ्यायची आणि यादीतल्या पुढच्याला द्यायची, असा नियम होता. हे सगळं बघायचं ‘सांभाळ’. म्हणजे गिऱ्हाइकांची खाती, बिलं आणि तक्रारी ठेवणारं सॉफ्टवेअर. आणि ‘सांभाळ’ला सांभाळायची हर्षदा, गेली अकरा वर्षं.

घरात माणूस आहे की नाही हे सॉफ्टवेअरला कसं कळतं, हा प्रश्न खोऱ्यात कुणी विचारला नव्हता. कुणाला माहीतच नव्हतं तर विचारणार कोण?

तीन वर्षांपूर्वी ‘सांभाळ’ची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ‘हजेरी’ नावाची सोय होती. पुण्याच्या माणसांनी ती मालकांना, म्हणजे बजाअण्णा पानस्करांना, समजावून सांगितली. हर्षदा मागच्या खुर्चीत बसून ऐकत होती. डबीतून निघालेल्या लहरी भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून पुन्हा डबीकडे येतात. भिंत जागची हलत नाही, माणूस मात्र सतत हलतो. गाढ झोपेतसुद्धा श्वासाबरोबर छाती नखभर वर येते, नखभर खाली जाते. उन्हात ठेवलेल्या परातीतलं पाणी जरा हललं की आढ्यावरचा कवडसा कसा हलतो, तसा त्या परत आलेल्या लहरींत फरक पडतो. हा फरक डबीला सेकंदाला पन्नास वेळा मोजावाच लागतो, नाही तर नेटच नीट चालणार नाही. पूर्वी ती मोजून टाकून द्यायची. आता ‘सांभाळ’ ती मापं साठवून ठेवू लागलं होतं. संथ, एकसारखी लय म्हणजे श्वास. भराभर सरकणारी लय म्हणजे चालणं. दोन लयी म्हणजे दोन माणसं.

“कॅमेरा नाही, माइक नाही,” पुण्याचा माणूस हसून म्हणाला होता, “मग खासगीपणाचा प्रश्न येतोच कुठे?” गिऱ्हाइकाच्या करारपत्राच्या नवव्या पानावर त्याबद्दल बारीक अक्षरांत एक ओळ होती. ते निघून गेल्यावर अण्णांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “हर्षदा, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर गेली ना, तर लोक डब्या आणून माझ्या डोक्यात घालतील.”

पहिले आठ दिवस हर्षदाला त्या आकड्यांची शिसारी आली. लोकांच्या घरात असं नाक खुपसायचं म्हणजे काय? आणि नवव्या दिवशी तिने स्वतःच्या आईचं खातं उघडलं.

आई म्हणजे सरुबाई मोहिते. वडील गेल्यापासून वाघजाळीत एकट्या राहायच्या. हर्षदाने पाहिलं : ‘खाते १७०३. माणसे : १. श्वास : मिनिटाला १५. काल रात्रीची झोप : ७ तास ५० मिनिटे.’ बघून इतकं बरं वाटलं तिला! मग रोज ऑफिसात आलं की चहाच्या आधी १७०३ उघडायचं, हा नेमच पडला. आणि फोन? आधी रोज व्हायचा, मग दिवसाआड, मग आठवड्याने. सगळं समोर दिसत असताना विचारायचं तरी काय?

गोडी गेली ती तिथूनच. आई फोनवर म्हणायची, “रात रात डोळा लागत न्हाई गं.” पडदा म्हणायचा, पावणेआठ तास. आई म्हणायची, “सांजचं घर खायाला उठतंय. कुनी फिरकत न्हाई.” पडद्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ माणसं दिसायची सात, कधी आठ, एकदा तर अकरा! सुरुवातीला हर्षदाला हसू आलं. मग वाईट वाटलं, आणि शेवटी रागच आला. घरात माणसांचा राबता आहे आणि लेकीपुढे एकटी एकटी म्हणून रडायचं? तोंडावर बोलायची सोय नव्हती, कारण कळलं कुठून हे सांगता आलं नसतं. पण मनातली अढी आवाजात उतरतेच. अकरा दिवसांपूर्वी तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, खोटं बोलून दुसऱ्याचा जीव टांगणीला लावायची सवय लागलीय तुला.”

मग आई एवढंच म्हणाली, “बरं.”

त्यानंतर फोन नाही. शुक्रवारी फक्त एक निरोप आला होता : रविवारी सकाळच्या गाडीने, मावशीला न कळवताच, तिच्या नातीच्या बारशाला इस्लामपूरला जाते, गुरुवारी परत येते. रविवारपासून १७०३ वर ‘माणसे : ०’ दिसत होतं. म्हणजे गेली. हर्षदाने तो विषय मनातून काढून टाकला होता.

तर मंगळवार. मास्तरांची डबी बंद करण्याआधी रिवाज म्हणून एक फोन करायचा होता.

“हां, हर्षदाबाई!” मास्तरांचा आवाज खणखणीत होता, मागे लहान मूल किंचाळत होतं. “पुण्यात मुक्काम आहे हो. नातवाने पार घोडा केलाय माझा.”

हर्षदा जरा गडबडली. “मास्तर, घरी कुणी आहे का तुमच्या? वाघजाळीला?”

“माझ्याकडे कोण असणार? कुलूप लावून आलोय, किल्ली खिशात आहे. शिकवणीच्या पोरांनाही महिनाभर सुट्टी दिलीय. का हो?”

“काही नाही. लाइनची तपासणी चालू आहे,” असं म्हणून तिने फोन ठेवला. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. निम्म्या खोऱ्याला त्यांनी पाढे शिकवले होते.

तिने १७०४ चा सगळा तपशील उघडला.

‘माणसे : १. जागा : डबीपासून साडेतीन मीटर, जमिनीलगत. जागा बदल : ५१ तास नाही. श्वास : मिनिटाला २९, उथळ.’

चोर शिरला तरी एकावन्न तास जमिनीवर पडून राहील का? कुणीतरी आत पडलं होतं. उठता येत नव्हतं त्या माणसाला. ती उठली आणि तडक अण्णांच्या केबिनमध्ये गेली.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. “पोलिसांना काय सांगायचं? बंद घरात माणूस श्वास घेतोय, आम्हाला इथनं दिसतंय? उद्या ते विचारतील, अजून कुणाकुणाचं दिसतं?”

“अण्णा, माणूस मरेल.”

“अगं, यंत्र आहे ते. घुशीला माणूस म्हणालं असेल.”

“घूस एकावन्न तास एका जागी पडून राहते?”

एवढ्यात इलाहीभाई वायरीचं भेंडोळं न्यायला आत आले. इलाही मुल्ला, कंपनीचे सगळ्यांत जुने लाइनमन. खोऱ्यातली अशी एक ताटली नव्हती जिला त्यांचा हात लागला नव्हता. ते दारातच थबकले.

“कुनाचं घर म्हनता? वाघजाळीचं मास्तरांचं? अवो, तिथं तर दोन ताटल्या हायत एकाच छपरावर. हर्षदाताई, तुमच्या आईंची बी तिथंच न्हाई का बसवली आपण! तुमचं घर पडलं टेकाडाआड, मनोरा दिसत न्हाई. मास्तरांनी छप्पर दिलं, तिथनं वायर वडली तुमच्या घरात.”

“हो, माहितीय,” हर्षदा म्हणाली. तो दिवस तिला लख्ख आठवला. इलाहीभाई वर छपरावर, ती इथे ऑफिसात. काम करायची पद्धत ठरलेली होती : लाइनमनने वरून डब्यांचे आकडे सांगायचे, इथे बसलेल्याने खात्यात भरायचे. “इलाहीभाई, त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, आईचं आधी करा.”

“केलं की. वायर आधी तुमच्याच घरात नेली.”

“आणि आकडे? आधी कुणाचा सांगितलात?”

इलाहीभाईंनी तिच्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला! “मास्तरांचा. ज्याचं छप्पर, त्याचा आकडा आधी. पहिल्यापासनं तसंच करतो की आपण. फुकट छप्पर देतो मानूस, त्याचा एवढा तरी मान नको ठेवायला?”

हर्षदाने तो आधीचा आकडा आईच्या नावावर भरला होता. तिला हा रिवाज ठाऊक होता, शंभर वेळा तिने तो पाळला होता. त्या एका दिवशी मात्र आईची लाइन जोडली जातेय या आनंदात ती विसरली. दोन्ही घरांचा प्लॅन एकच होता, बिल सारखंच यायचं, त्यामुळे चूक कधी कुणाच्या लक्षात आली नाही. तीन वर्षं ती बघत होती ते श्वास यादव मास्तरांचे होते. पावणेआठ तासांची झोप मास्तरांची होती. संध्याकाळची सात-आठ माणसं म्हणजे मास्तरांच्या शिकवणीची पोरं होती.

मग आईला खरंच झोप लागत नव्हती. आईकडे खरंच कुणी येत नव्हतं.

आणि शनिवारी संध्याकाळी मास्तरांच्या खात्यावर स्थगितीचं बटण दाबलं, तेव्हा डबी कुणाची बंद झाली?

ती पळत आपल्या टेबलाशी आली. एक्केचाळीस प्रयत्नांची यादी उघडली. पहिला रविवारी सकाळी आठ वीसला. मग आठ एकवीस, आठ तेवीस, आठ चोवीस. शेवटचा सोमवारी दुपारी चार दहाला. प्रत्येक प्रयत्नापुढे ‘खाते स्थगित, फोन जोडला नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक प्रयत्न एकाच नंबरवर होता. तो नंबर हर्षदाचा होता. आईला आकडे दाबता येत नसत. हर्षदानेच आपला फोटो तिच्या फोनवर लावून दिला होता : “एवढा दाबायचा, की मला लागतो.” आईने तिचा फोटो एक्केचाळीस वेळा दाबला होता, आणि ‘सांभाळ’ने ती गिऱ्हाइकाची लबाडी म्हणून टिपून ठेवली होती.

“आई गं,” हर्षदाच्या तोंडून एवढंच निघालं.

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. कारवटहून वाघजाळी बावीस किलोमीटर, सगळा घाट, म्हणजे पाऊण तास तरी हवा. तिने आईच्या शेजारी पिठाची गिरणी चालवणाऱ्या मालनवहिनींना फोन लावला. गिरणीची घरघर आधी कानात शिरली.

“वहिनी, आईच्या घरात जा. पटकन.”

“अगं, सरूकाकी न्हाईत घरी. बारशाला गेल्यात इस्लामपूरला. रईवारी बघितलं की मी, पुढच्या दाराला कुलूप हाय.”

“मागचं दार?”

“आतनं कडी. वानरं येत्यात न्हवं, मागलं दार काकी कधी उघडं टाकत न्हाईत.”

हर्षदाला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. पुढच्या दाराला कुलूप घातलं, मागच्या दाराला घालायला गेली तेव्हा काहीतरी विसरलेलं आठवून तिथूनच आत आली, वानरांच्या भीतीने सवयीने कडी लावली आणि पडली. बाहेरून बघणाऱ्याला घर बंद.

“वहिनी, ती आत आहे. दार तोडा.”

“काय खुळी का काय? गेल्या साली चोरी झाल्यापासनं कुनाच्या कुलपाला हात लावायचा म्हंजी... आन् तुला कसं ठावं?”

अण्णा केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रागाने नव्हे, अक्षरशः विनवणीच होती ती. बारा माणसांचे पगार, बँकेचं कर्ज, वीस वर्षांची कमाई सगळी त्या बोटात होती. हर्षदाने त्यांच्याकडे पाहिलं. ‘फोन लागत नाही म्हणून काळजी वाटते’ असं सांगता आलं असतं. पण तेवढ्यावर मालनवहिनी कुलूप तोडणार नव्हत्या. त्या आधी इस्लामपूरला फोन करणार, मग पोलीस पाटलाला बोलावणार, आणि तास-दीड तास असाच जाणार.

“मला दिसतंय वहिनी,” ती म्हणाली. “डबीतून दिसतं. घरात माणूस आहे का, कुठे आहे, श्वास कसा चाललाय, सगळं कळतं इथे. आई माजघरात जमिनीवर पडलीय, रविवारपासून. श्वास चालू आहे, पण नीट नाही.”

गिरणी बंद झाल्याचा आवाज आला.

“आमच्या घरातलं बी दिसतंय?” वहिनींनी हळू विचारलं.

“हो. सगळ्यांच्या. मला काय शिव्या घालायच्यात त्या उद्या घाला, चपलेनं मारा, पण आत्ता दार तोडा. पाया पडते तुमच्या.”

“ए, पहार आना रं!” वहिनी ओरडल्या.

अण्णा दारातून बाजूला झाले. क्षणभर त्यांचा चेहरा पडला होता, आता सगळं संपलं असं मनाशी ठरवून मोकळा झालेला माणूस दिसतो तसा. मग ते हर्षदाच्या टेबलाशी आले आणि निमूटपणे ठसा घेणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला; मालकाच्या ठशाशिवाय कारवाई रद्द होत नसे. ‘खाते १७०४ : बारा वाजताची कारवाई रद्द.’ “बघत राहा,” ते म्हणाले. “त्यांना सांगत राहा.”

“वहिनी, श्वास तीस आहे. चालू आहे अजून. डबी कुठे आहे माहितीय ना, फळीवर? तिथून साडेतीन मीटरवर, जमिनीवर बघा.” फोनमध्ये पहारीचे घाव ऐकू येत होते. एक, दोन. कुणीतरी शिवी हासडली. “एकतीस. वहिनी, ऐकताय ना? एकतीस.” कडकन आवाज झाला.

आणि फोन तुटला. वहिनी गिरणीच्या डबीपासून लांब गेल्या होत्या. पडद्यावर ‘माणसे : २’ झालं, मग ३, मग ५. आणि श्वासापुढे अक्षरं आली : ‘हालचाल जास्त. मोजता येत नाही.’

तीन वर्षं सगळं सांगणारं यंत्र नेमकं आता मुकं झालं होतं. हर्षदाने दोन्ही हातांनी पडदा धरला. सहा. आठ. मोजता येत नाही. मोजता येत नाही.

“चला ताई,” इलाहीभाईंनी गाडीची किल्ली वाजवली. “हितं बसून काय कळायचं न्हाई.”

रस्त्याला रेंज नव्हती. घाटाची अकरा वळणं हर्षदा हातातला मुका फोन घट्ट धरून बसली होती. आई असेल की नसेल, हे जगातलं कुठलंच यंत्र तिला आता सांगू शकत नव्हतं. इलाहीभाई एकदाच बोलले, “आकडे मी नावानिशी सांगाय पायजे व्हते.” ती म्हणाली, “मी विचारायला पाहिजे होतं.”

मुरुडखिंडीच्या वळणावर समोरून गिरणीचा टेम्पो आला. इलाहीभाईंनी हॉर्न दाबून धरला. टेम्पोच्या मागच्या भागात गादी टाकली होती, गादीवर आई, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलेल्या मालनवहिनी. आईच्या ओठांच्या पापड्या झाल्या होत्या, एक पाय वेडावाकडा वळला होता. छाती वरखाली होत होती. हर्षदाने टेम्पोत उडी घेतली आणि तिच्या छातीवर हात ठेवला.

आईने डोळे उघडले. तिला ओळख पटायला जरा वेळ लागला. “हर्षे,” ती पुटपुटली, “तुझा फोन बंद व्हता का गं?”

हो म्हणता आलं असतं. आईने ते लगेच मानलं असतं, वर हर्षदाचीच समजूत काढली असती.

“नाही आई. तुझा बंद होता. मीच बंद केला होता.”

आईला कळलं की नाही कुणास ठाऊक. “बरं,” ती म्हणाली. अकरा दिवसांपूर्वी म्हणाली होती तसंच. हर्षदाला रडू आवरेना. मालनवहिनी दुसरीकडे बघत राहिल्या.

कराडला खुब्याचं ऑपरेशन झालं. बारशाला नेण्यासाठी पिशवीत भरलेले डिंकाचे लाडू आणि पाण्याची बाटली हाताशी होती, म्हणून सरुबाई दोन दिवस तगल्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र निघाली नसती.

बातमी मात्र त्याच संध्याकाळी खोरंभर झाली. दुसऱ्या दिवशी ‘घाटमाथा नेट’च्या दारात डब्यांचा ढीग पडला. लोक पोती भरभरून आणत होते, आणून आपटत होते. अण्णांनी सगळ्यांपुढे आपल्या अंगठ्याने ‘हजेरी’ बंद केली, कागदावर लिहून दिलं, तेव्हा कुठे महिन्याभरात नऊशे घरं परत आली. “तुझा राजीनामाच घेणार होतो,” ते हर्षदाला म्हणाले, “पण लोकांच्या शिव्या ऐकायला कोण बसेल?” आणि शिव्या होत्याच. त्या ओसरल्यावर टवाळी सुरू झाली. फोन उचलला की कुणीतरी विचारायचं, “सांग बरं बाई, मी आत्ता बसलोय का झोपलोय?” मालनवहिनी तर अजूनही तिच्याशी धड बोलत नाहीत. दार तोडलं ते सरूकाकीसाठी, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

यादव मास्तर पुण्याहून परतले ते थेट ऑफिसात आले. हर्षदाने हात जोडून सगळं कबूल केलं. तीन वर्षं रोज सकाळी तुमचा श्वास बघत होते, आईचा समजून. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

“संताप यायला हवा मला,” ते म्हणाले. “येतोही आहे. पण खरं सांगू? ही गेल्यापासून आपण सकाळी उठलो की नाही हे बघणारं कुणी नाही, असं मी धरून चाललो होतो.” मग ते घाईने उठले आणि दारातून वळून म्हणाले, “आईंना बघत जा हो आता. प्रत्यक्ष.”

तीन महिन्यांनी सरुबाई काठी टेकत वाघजाळीला परतल्या. कारवटला लेकीकडे राहायला त्यांनी साफ नकार दिला. हर्षदा रोज संध्याकाळी सातला फोन करते. आईचं खातं आता खरोखर आईच्या नावावर आहे, पण त्यात बघण्यासारखं काही नाही, फक्त नाव आणि पत्ता.

परवा तिने विचारलं, “झोप लागली का रात्री?”

“न्हाई गं. कूस बदलून बदलून उजाडलं.”

“आणि आज कोण आलं होतं?”

“माझ्याकडं कोन येतंय?” आई म्हणाली, आणि मग बोलून चूक झाल्यासारखी घाईने पुढे म्हणाली, “असू दे. तू कामात असशील. ठेवते.”

हर्षदाने पडदा बंद केला आणि टेबलावरून पर्स उचलली.

“ठेवू नको आई,” ती म्हणाली. “येते मी.”